इंजिनाला हात लावला न्हाय, म्हणा

म्हसोबाच्या खिंडीचं तिसरं वळण आलं की माझं लक्ष रस्त्यावरनं उडून तापमानाच्या काट्यावर जायचं. त्या दिवशीही काटा चढत चढत लाल पट्ट्याला टेकला आणि बॉनेटच्या फटीतनं वाफ फुसफुसायला लागली. मी गाडी डोंगराच्या अंगाला घेतली, हँडब्रेक ओढला, उतरून मागच्या चाकाला दगड लावला आणि आत बघून म्हटलं, "उतरा."

गाडीत अकरा माणसं, दोन शेळ्या आणि पिठाचं एक पोतं होतं. सरुआत्ती उतरता उतरता म्हणाली, चालत आलो असतो तर एव्हाना चुलीवर आमटी उकळली असती. बाकीचे कुरकुरत उतरले. शेळ्या तेवढ्या आपणहून उडी मारून पाला खायला गेल्या. मी पाण्याचा कॅन काढला आणि फडकं हातात घेऊन बॉनेट उघडलं.

तेवढ्यात वरनं हिंदुराव आला. डोक्यावर टहाळाचा भारा, हातात कोयता. हिंदुराव म्हणजे माझा धाकटा दीर. वाटणी झाल्यापासनं दोन महिन्यांत आमच्यात एक शब्द झाला नव्हता. तो थांबला, भारा सावरला आणि वाफेकडं बघून म्हणाला, "लगेच पाणी ओतू नका, वहिनी. इंजिनाचं हेड तडकंल."

"तुमाला विचारलं का?"

"न्हाय. सांगितलं."

"मग सांगून झालं. वाटंला लागा."

तो गेला. अकरा माणसांनी ते ऐकलं आणि संध्याकाळपर्यंत आमच्या सगळ्या शिंगणवाडीनं ऐकलं. मला त्याचं काही वाटलं नाही. मला वाटत होतं की माझ्या गाडीत ह्यानंच कायतरी करून ठेवलंय आणि आता वर तोंड करून शहाणपण शिकवतोय.

आता गाडीचं सांगते. जुनी फोर व्हील जीप. दोघा भावांनी मिळून लिलावातनं घेतली होती. मूळ इंजिन पार उताणं पडलं, तेव्हा कुठल्याशा पिकअपचं डिझेल इंजिन आणून हिंदुरावनंच ते त्यात बसवलं. पावसाळ्यात आमच्या वाडीला दुसरी गाडी चढतच नाही, चिखलात नुसती चाकं फिरतात. ही चढायची. मालक म्हणजे माझे बाजीराव ती चालवायचे, हिंदुराव तिचं पोट सांभाळायचा. मग मालक आंब्यावरनं पडले आणि कंबरेखाली जे गेले ते गेलेच. त्यांची जागा मी घेतली. गाडी चालवायला मला हिंदुरावनंच शिकवलं होतं, खळ्यात, दोन पिपं उभी करून. क्लच सोडताना गाडी बंद पडली की म्हणायचा, "वहिनी, भाकरी थापताय तसं हळू." तेव्हा आमचं असं होतं.

पुढं दोन चुली झाल्या. जावाजावांचं पटलं नाही, मग भावाभावांचं पटेना, आणि पौषात वाटण्या झाल्या. विहीर आणि बैल त्याला, गाडी आम्हाला. खाटेवरच्या नवऱ्याचं औषधपाणी, घरातला चहा, मीठमिरची, सगळं त्या गाडीवर. त्यात खालच्या हायस्कुलानं जूनपासनं वरच्या तीन वाड्यांची पोरं न्यायला-आणायला एक गाडी लावायची ठरवली होती. शेडगे हेडमास्तर मला म्हणाले, "मालनबाई, भरल्या गाडीनं खिंड एका दमात चढून दाखवा, गाडी तुमचीच लावतो. वाटेत पोरांना उतरवून चालणार नाही." नाही दाखवलं तर पाटणचा एक गाडीवाला टपूनच बसला होता. म्हणजे गाडी चढली तर घर चालणार, नाही तर बसा हरी हरी करत.

आणि गाडी काही चढेना. सपाटीला काही नाही, रिकामी असली तरी काही नाही. भरून खिंडीला लागली की तिसऱ्या वळणाला उकळी ठरलेली. पाटणच्या बबन मिस्त्रीनं सगळं करून बघितलं. रेडिएटर खोलून धुतला, पंख्याचा पट्टा ताणला, झाकण नवं बसवलं, वॉटर पंप बदलला. शेवटी हेडसुद्धा उतरवलं, त्याखालचं गॅस्केट चांगलं निघालं. मग हात पुसत मला म्हणाला, गाडीला काय झालेलं नाही, चालवणाऱ्याला झालंय. बाईमाणसाला चढाला गिअर कळत नाही.

मी म्हटलं, "बस शेजारी. तू सांगशील त्या गिअरात चढवते." बसला. तिसऱ्या वळणाला त्याच्याच डोळ्यांदेखत वाफ आली. तेव्हा त्याची मिशी जरा खाली आली आणि त्यानं दुसरी पुडी सोडली. म्हणाला, "वाटणीच्या वक्ताला गाडी कुणाच्या दारात हुती? बघा बुवा. माणूस आपला म्हणून इश्वास ठेवावा, आणि त्यानंच केसानं गळा कापावा."

त्यानं ते म्हटलं मात्र, माझ्या डोळ्यांपुढं ती सकाळ उभी राहिली. वाटणी झाल्यावर दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायला मी गाडी आणायला हिंदुरावच्या खोपीकडं गेले होते. गाडीचं बॉनेट उघडं होतं. हिंदुराव आत वाकलेला, हात कोपरापर्यंत काळे. मला बघून तो दचकला, हातातली कसलीतरी वाटीएवढी वस्तू त्यानं खिशात घातली आणि म्हणाला, "घ्या, झाली तुमची गाडी." मी काही बोलले नव्हते. चावी घेतली आणि निघून आले. गाडी तापायला लागली ती त्याच आठवड्यात. आता सगळं जुळलं.

तळपायाची आग मस्तकात गेली म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. घरी येऊन मालकांना सांगितलं. ते आढ्याकडं बघत म्हणाले, "मालन, आपलेच दात, आपलेच ओठ. भाऊ हाय माझा. आधी विचार त्याला." मी म्हटलं, विचारते ना, देवापुढं विचारते.

आमच्यात अशा भांडणाला एक रीत आहे. खंडोबाच्या देवळात भावकी बसते. ज्याच्यावर आळ, त्यानं देवापुढचा बेलभंडार हातात उचलून शपथ घ्यायची. आणि शपथेचे शब्द घालून द्यायचे ते आळ घेणाऱ्यानं. उचलला तर सुटला. खोटा उचलला तर देव बघून घेतो. आणि नाहीच उचलला, तर मग बोलायला काही उरतच नाही.

फाल्गुनातल्या रविवारी भावकी बसली. ज्ञानूनाना सगळ्यांत वडील, त्यांनी ताट पुढं ठेवलं. मला विचारलं, शब्द काय घालतेस. मी रात्रभर त्याचाच विचार केला होता. कुठं फट ठेवायची नव्हती मला.

"या गाडीच्या इंजिनाला वाटणीनंतर मी हात लावला न्हाय. एवढं म्हणा आणि उचला."

हिंदुरावनं माझ्याकडं बघितलं. मग ताटाकडं. म्हणाला, "शब्द बदला. गाडीचं वाईट केलं न्हाय असं म्हणायला लावा, आत्ता उचलतो."

"वाईट का चांगलं ते देव बघंल. हात लावला का न्हाय, तेवढं बोला."

ज्ञानूनाना माझ्याकडं वळले. म्हणाले, "पोरी, आळ घेणाऱ्यालाबी कायतरी पणाला लावावं लागतं. उद्या तुझा आळ खोटा निघाला तर?"

"तर गाडी त्यांच्या दारात नेऊन लावीन. चावीसकट. देवापुढं बोलतेय."

माझी जाऊ खांबाला टेकून उभी होती, ती नवऱ्याला खुणावत होती, उचला म्हणून. शब्दच तर होते. कुणीही उचलला असता. पण हिंदुरावनं दोन्ही हात मागं घेतले.

"न्हाय उचलत," तो म्हणाला आणि पायरी उतरून गेला.

भावकीला आणखी काय पाहिजे. चैत्रातल्या जत्रेत पालखीच्या पुढच्या दांडीला खांदा द्यायचा मान त्याच्या आज्ज्यापासनं त्यांच्या घरात चालत आलेला. म्हणजे आमच्याच घरात. मालक पडल्यावर तो हिंदुरावकडं गेला होता. तो काढून घेतला. त्याच्या घरचं कुणी पाणी प्यायचं नाही असं कुणी म्हटलं नाही, पण कुणी प्यालं नाही. मला त्या दिवशी बरं वाटलं, हे मी खोटं कशाला सांगू. घरी येऊन मी पोटभर जेवले. मालक जेवले नाहीत.

पण आळ जिंकून गाडी थंड होत नाही. हिंदुरावनं काय केलं ते कुणालाच ठाऊक नव्हतं आणि त्याला विचारायला जाईन तर मी मालन कसली. शेवटी जत्रेला चार दिवस असताना गाडी घेऊन थेट कऱ्हाडला गेले. तिथं रसूलचाचा म्हणून म्हातारे मिस्त्री होते. सगळी उमर एसटीच्या वर्कशॉपात गेलेली, आता घराच्या पडवीत बसून पंपाची कामं करायचे. त्यांनी पान्ह्याला हात लावला नाही. गाडी चालू ठेवून ॲक्सिलेटर दाबायला एका गिऱ्हाइकाला बसवलं आणि मला म्हणाले, "ये इकडं. तुझी गाडी हाय, तूच हात लावून बघ."

काटा वर चढला तसं त्यांनी मला रेडिएटरच्या वरच्या पाइपाला हात लावायला सांगितलं. गरम होता. खालच्या पाइपाला लावायला सांगितलं. कोमट होता.

"आता हा बारका," ते म्हणाले. पंपाला चिकटून एक बोटभर जाडीचा पाइप होता. मी हात लावला आणि चटका बसून मागं घेतला.

चाचांनी मला समजावून सांगितलं. शेतात पाणी पाजताना दारं मोडायला माणूस लागतो. एका वाफ्याचं तोंड बंद केल्याशिवाय पाणी दुसऱ्या वाफ्यात जात नाही. इंजिनातही एक व्हॉल्व असतो, तोच तो दारं मोडणारा माणूस. गार असताना पाणी ह्या बारक्या वाटेनं इंजिनातल्या इंजिनात फिरू द्यायचं आणि तापलं की ही वाट बंद करून सगळं रेडिएटरकडं वळवायचं. इथं वाट बंदच होत नव्हती. निम्मं पाणी रेडिएटरचं तोंड न बघता गोल गोल फिरून उकळत होतं. मग त्यांनी दोन बोल्ट काढून एक टोपण उचललं. आत रिकामं भोक.

"व्हॉल्व हायच न्हाय," चाचा म्हणाले. "कुणीतरी काढलाय."

काढलाय. मला तेवढंच ऐकू आलं. वाटीएवढी वस्तू, खिशात घातलेली. चाचा आणखी काही सांगत होते, जुन्या गाड्यांचं, जुन्या मिस्त्र्यांचं. माझं लक्ष नव्हतं. मी म्हटलं, नवा आणा, आत्ता बसवा. त्यांनी बसवला.

परत येताना पाटणच्या स्टँडवर तेरा माणसं भरली. मुद्दाम भरली. खिंडीचं पहिलं वळण, दुसरं, तिसरं. काटा मधे उभा, जागचा हलेना. वरच्या पठाराला लागेपर्यंत मी त्याच्यावरनं नजर काढली नाही. मागनं कुणीतरी म्हणालं, आज चमत्कारच की. माणसं वाडीत उतरवली आणि गाडी तशीच पुढं हिंदुरावच्या शेताकडं घातली. घरी जाऊन नवऱ्याला पाणी देण्याइतकाही धीर मला नव्हता.

तो राब भाजत होता. भाताच्या रोपाची जागा आम्ही पाला-टहाळ पसरून भाजून काढतो, चैत्रात सगळ्या डोंगराला त्याचा धूर असतो. हिंदुराव हातात ओली फांदी घेऊन जाळ काबूत ठेवत होता. मला बघून त्यानं नुसती मान फिरवली.

"व्हॉल्व काढलात तुमी," मी म्हटलं. "कऱ्हाडात खोलून बघितलं. आत भोक रिकामं. आता तरी कबूल करा."

"काढला," तो म्हणाला.

इतकं सरळ म्हणेल असं वाटलं नव्हतं.

"मीच काढला. जिथं मी शिकलो तिथं चढाच्या गाडीचा व्हॉल्व पहिला काढून फेकायचे. पाणी मोकळं फिरतं, गाडी गार ऱ्हाती. जुन्या इंजिनाचा काढलेला, धा वर्षं भाऊनं चालवली, कधी तापली का?" त्यानं जाळावर फांदी आपटली. "ह्या नव्या इंजिनाचा काढायचा ऱ्हायला हुता. भाऊ चालवत हुता तवर म्या फिकीर केली न्हाय, त्याचा हात मला ठाऊक. तुमी चालवायला लागलात तवा काय झालं तर बघायला मी हुतो, आता वाटणी झाली. खिंडीत एकलीचं इंजिन तापलं तर काय करणार बाई, म्हणून पहाटं उठून काढला."

"मग तापली कशी?"

"ते तुमी सांगा. तुमी आलाय कऱ्हाडासनं शिकून."

मी सांगितलं. बारका पाइप, वाफ्याचं तोंड, सगळं. सांगता सांगता माझाच आवाज खाली येत गेला. तो ऐकत राहिला, ओळीनं दोनदा विचारलं, "बंद करतो? तापल्यावर बारकी वाट बंद करतो?" जुन्या इंजिनाला ती वाटच नव्हती. हे त्याला ठाऊक नव्हतं, बबनला नव्हतं, आमच्या आख्ख्या तालुक्यात कुणाला नव्हतं. तो जाळाकडं बघत उभा राहिला. आपल्याच हातानं गाडी बिघडली हे त्याच्या चेहऱ्यावर लख्ख दिसत होतं.

"तवा का न्हाय बोललात? देवळात?"

"बोललो की. शब्द बदला म्हणालो. तुमी बदलला का?" आता त्यानं माझ्याकडं बघितलं. "हात लावला हुता. न्हाय लावला म्हणून बेलभंडार कसा उचलू? आन् त्या सकाळी तुमी खोपीच्या दारातनंच माघारी फिरला. काय करताय भाऊजी, एवढं विचारलं असतं तर व्हॉल्व दाखवला असता."

मला तोंड उचलवेना. तरी माझा स्वभाव असा की गप्प बसता येत नाही. म्हटलं, "उद्या भावकी बसवते. ज्ञानूनानांपुढं सांगते सगळं. जत्रेआधी तुमचा मान तुमाला."

"आन् गाडी?"

देवापुढं मीच बोलले होते. आळ खोटा निघाला तर गाडी त्याच्या दारात, चावीसकट.

"सांगितलंत की गाडी मला घ्यावी लागंल," हिंदुराव म्हणाला. "मी नको म्हणालो तरी भावकी सोडणार न्हाय, देवाचा शब्द म्हणंल. आन् माझा भाऊ खाटंवर पडून काय खाणार? तुमी काय बी सांगायचं न्हाय."

"भाऊजी..."

"भाऊजी म्हणू नका. हे तुमच्यासाठी न्हाय. तुमचं तोंड बघायची माझी इच्छा न्हाय, आजबी न्हाय आन् मेल्यावरबी न्हाय. गाडी चालवा. त्याला खाऊ घाला. जावा आता, धूर डोळ्यात जातोय."

मी घरी आले. मालकांनी विचारलं, सापडलं का. मी म्हटलं, हो, व्हॉल्व खराब होता, बदलला. त्यांनी माझ्याकडं बराच वेळ बघितलं आणि कूस बदलायला हात मागितला. दोन दिवसांनी शेडगे हेडमास्तर स्वतः पुढं बसून खिंड चढून आले आणि गाडी जूनपासनं शाळेला ठरली. ती शाळेला नऊ वर्षं लागली. त्या गाडीवर मालकांची औषधं झाली आणि त्यांचं सगळं करून मी त्यांना सुखानं पोचवलं. मी भावकीपुढं खरं सांगायला जाऊ शकत होते. एकदा नाही, शंभरदा जाऊ शकत होते. त्यानं नको म्हटलं म्हणून गेले नाही असं मी स्वतःला सांगत आले, आणि ते खोटं आहे. मला गाडी सोडवत नव्हती.

त्या वर्षीच्या जत्रेच्या दिवशी मी सकाळपासनं माणसं वर आणत होते. बारा खेपा झाल्या. शेवटच्या खेपेला गाडी गच्च भरलेली, मागं टपाला लोंबकळलेली माणसं, आणि देवळाकडच्या अरुंद वाटेवर पुढं पालखी निघालेली. पुढच्या दांडीला ज्ञानूनानांचा पुतण्या होता. पालखीच्या मागं, सगळ्या गर्दीच्या मागं, हिंदुराव आणि माझी जाऊ चालत होते, हातात नारळ घेऊन. मी हॉर्न दिला. हिंदुरावनं मागं वळून बघितलं, बायकोचा दंड धरला आणि दोघं वाटेच्या कडेला, काट्याकुट्यात उतरून उभे राहिले, गाडीला जागा द्यायला. गाडीतलं कोण तरी म्हणालं, देवापुढं खोटं पडलेल्याला देव असंच कडेला उभं करतो. सगळे हसले.

हिंदुरावनं ते ऐकलं. काचेतनं तो माझ्याकडं बघत होता, हातभर अंतरावरनं.

मी समोर बघितलं, दुसरा गिअर टाकला आणि गाडी पुढं काढली.